इसब असलेल्या मुलाची ॲलर्जी-तपासणी : कधी करावी, कशी करावी आणि रिपोर्ट कसा वाचावा

"एकदा सगळ्या टेस्ट करून टाका, कशाचे वावडे आहे ते कळले की तेवढे बंद करतो," अशी मागणी सांगली-मिरजेच्या किंवा सातारा-कऱ्हाडच्या दवाखान्यांत आईवडील नेहमी करतात आणि त्यामागची तळमळ समजण्यासारखी असते. मूल रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग दिसतात, आजी म्हणते अंडे उष्ण पडले, शेजारीण म्हणते वांगे आणि आंबट बंद करा, आणि या सगळ्यात एका रक्ततपासणीने नेमके उत्तर मिळेल अशी आशा वाटू लागते. परंतु इसबाच्या मुलात ॲलर्जीची तपासणी उपयोगी पडते ती हातात नेमका प्रश्न असेल तरच. प्रश्नावाचून केलेली तपासणी बहुतेक वेळा मुलाच्या ताटातले पदार्थ कमी करते आणि इसब आहे तिथेच राहते. म्हणून हा लेख तपासणीपासून नव्हे, तर तिच्या आधीच्या तयारीपासून सुरू होतो.

आधी त्वचा

लहान मुलांचे इसब, म्हणजेच ॲटोपिक डर्मटायटिस, हा मुळात त्वचेच्या आवरणाचा आजार आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. अशा त्वचेतून पाणी लवकर उडून जाते, साबण, घाम आणि धूळ आत शिरते, आणि अन्नाचे किंवा धुळीचे सूक्ष्म कणही तिथून आत जाऊन शरीराला त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला लावतात. त्यामुळे अनेक मुलांमध्ये इसब आधी येते आणि ॲलर्जी मागून येते. आईवडिलांच्या मनातला क्रम मात्र नेमका उलटा असतो. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या लहान मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलांना एखाद्या अन्नाची ॲलर्जी असते असे परदेशी अभ्यासांत आढळले आहे, पण त्या सर्वांचे इसब त्या अन्नामुळेच होते असा त्याचा अर्थ नाही. सौम्य इसबात तर अन्नाचा हात क्वचितच असतो.

पहिले काम म्हणजे हे इसबच आहे याची खात्री करून घेणे. घरातल्या आणखी कोणाला खाज असेल, ती रात्री वाढत असेल आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटावर किंवा बेंबीभोवती पुळ्या असतील, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिच्यासाठी ॲलर्जीची नव्हे तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घेण्याची गरज असते. गोल कडा असलेला, मधून मोकळा होत जाणारा चट्टा नायट्याचा असू शकतो. त्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमे लावल्यास मूळ रूपच बदलते आणि निदान अवघड होते.

दुसरे काम म्हणजे निदान चार आठवडे त्वचेची नेटाने काळजी घेणे. रोज पाच ते दहा मिनिटांची कोमट पाण्याची आंघोळ घालावी. उटणे, डाळीचे पीठ, घासणी आणि वासाचा साबण बाजूला ठेवावा. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे आणि दिवसातून आणखी एकदा तरी पुन्हा लावावे. इथे हात आखडता घेतला जातो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या आसपास मलम लागते, आणि बहुतेक घरांत ५० ग्रॅमची एक ट्यूब महिनाभर पुरवली जाते. खर्च परवडत नसेल तर साधी पांढरी व्हॅसलीन चालते, आणि खोबरेल तेलही अनेक मुलांना सोसते. हळदीचा लेप मात्र फुटलेल्या त्वचेवर लावू नये, कारण हळदीचीही स्पर्श-ॲलर्जी होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम लाल चट्ट्यांवर पुरेसे आणि ठरवून दिलेले दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. या मलमाची भीती बाळगून ते चिमूटभर लावणे आणि दोन दिवसांत बंद करणे हे इसब न आटोपण्याचे, माझ्या पाहण्यातले, सर्वांत मोठे कारण आहे.

जत, आटपाडी किंवा माणकडचे अनेक पालक बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला दोष देतात. तसे पाणी त्वचा कोरडी करते हे खरे, परंतु पाणी मृदू करणारे महागडे यंत्र बसवल्याने मुलांच्या इसबात फरक पडला नाही, असे ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तो पैसा मलमावर खर्च करावा.

या चार आठवड्यांत बहुसंख्य मुलांची त्वचा इतकी सुधारते की ॲलर्जीचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

वही ठेवणे

ज्यांची त्वचा सुधारत नाही, किंवा ज्यांना एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही झाल्याचे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांनी एक साधी वही घालावी. तिच्यात केवळ "अंडे खाल्ले, इसब वाढले" असे लिहून भागत नाही. उपयोगी नोंद अशी असते : "सकाळी आठ वाजता उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, साधारण एक चमचा. सव्वाआठला हनुवटी आणि कानामागे गांधी उठल्या, डोळे खाजू लागले, एकदा उलटी. साडेनऊला सर्व ओसरले. आधी एकदा केकमधून अंडे पोटात गेले होते, तेव्हा काही झाले नव्हते. ताप किंवा सर्दी नव्हती." अशा पाच ओळींतून डॉक्टरांना वेळ, प्रमाण, पदार्थ शिजलेला होता की नाही आणि पूर्वी तो सोसला होता का, एवढे सगळे कळते. शक्य असेल तर मोबाइलवर गांधींचा फोटोही काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात.

या नोंदींतून दोन प्रकार वेगळे होतात. काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, उलट्या, खोकला किंवा धाप ही तात्काळ ॲलर्जीची लक्षणे आहेत, आणि खाली सांगितलेल्या तपासण्या मुख्यतः याच प्रकारासाठी आहेत. दुसऱ्या प्रकारात काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी इसबच चिघळते. त्यासाठी भरवशाची रक्ततपासणी नाही आणि तिथे पदार्थ काही आठवडे बंद करून परत देऊन पाहणे हाच मार्ग उरतो. तिसरी गोष्ट ॲलर्जी नसतेच : टोमॅटो, लिंबू, चिंच यांच्या आंबटपणाने तोंडाभोवतीची कोरडी त्वचा चुरचुरते व लाल होते. जेवणाआधी तिथे व्हॅसलीनचा थर लावला तर बहुधा हे थांबते.

कोणाला तपासावे

ज्या मुलाला तात्काळ प्रतिक्रिया आली आहे त्याला त्या पदार्थासाठी तपासावे. पाच वर्षांखालील ज्या मुलाचे मध्यम किंवा तीव्र इसब योग्य उपचार करूनही आटोक्यात येत नाही, विशेषतः ज्याचे वजन वाढत नाही किंवा ज्याला सतत जुलाब, उलट्या होतात किंवा शौचातून रक्त जाते, त्याला दूध, अंडे, गहू, शेंगदाणा आणि सोयाबीन अशा मोजक्या पदार्थांसाठी तपासण्याचा विचार करावा. भारतात हरभऱ्यासारख्या कडधान्यांची ॲलर्जीही नोंदली गेली आहे, म्हणून वहीत संशय असेल तर तेही त्यात घ्यावे. "मूल पाच वर्षांचे झाल्याशिवाय तपासता येत नाही" ही समजूत चुकीची आहे, कारण तान्ह्या बाळाचीही तपासणी होऊ शकते. उलट, मूल रोज दूध पिते, आठवड्यातून दोनदा अंडे खाते आणि त्याला काहीच होत नाही, अशा वेळी त्या पदार्थांची तपासणी करूच नये. तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आपण काय बदलणार, आणि निगेटिव्ह आला तर काय?" दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर सुई टोचण्याचे कारण उरत नाही.

तपासण्या प्रत्यक्षात कशा होतात

सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे स्किन प्रिक टेस्ट. तिच्या पाच ते सात दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, सेटिरिझिनसारखी खाजेची औषधे थांबवावी लागतात. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपमध्येही अशीच औषधे असतात, म्हणून घरातील प्रत्येक बाटली दाखवावी. दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नये. ज्या जागी तपासणी होणार तिथे इसब नसावे आणि स्टेरॉइड मलमही लावलेले नसावे. हाताच्या आतल्या बाजूला किंवा बाळाच्या पाठीवर पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेशेजारी त्या-त्या पदार्थाच्या द्रावाचा एक थेंब ठेवतात आणि बारीक टोकाच्या लॅन्सेटने थेंबातून त्वचा किंचित टोचतात. रक्त येत नाही. दोन थेंब तुलनेसाठी असतात : हिस्टामिनचा, ज्याने गांध उठलीच पाहिजे, आणि मिठाच्या पाण्याचा, ज्याने उठता कामा नये. पंधरा ते वीस मिनिटे हात धरून बसवावे लागते, आणि तिथेच आईची खरी कसोटी लागते. आवडते खेळणे किंवा गोष्टीचे पुस्तक बरोबर न्यावे. मग गांधीचा व्यास मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांध आली तर ती पॉझिटिव्ह धरतात. हिस्टामिनच्या जागी काहीच उठले नाही, तर औषधाचा अंमल अजून बाकी आहे असे समजून सर्व निगेटिव्ह निकाल रद्द मानावेत. ही तपासणी आकस्मिक प्रतिक्रियेवर उपचार करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावी.

अंगभर इसब असेल किंवा खाजेचे औषध थांबवणे शक्य नसेल, तर रक्तातील विशिष्ट आयजीई, म्हणजे त्या-त्या पदार्थाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडे, तपासावी. तिला औषधे थांबवावी लागत नाहीत. मात्र लॅबला पदार्थांची नावे लिहून द्यावीत. पन्नास-शंभर पदार्थांचे "ॲलर्जी पॅकेज" घेऊ नये, कारण इसबाच्या मुलांच्या रक्तात मुळातच आयजीई भरपूर असते आणि एवढ्या मोठ्या यादीत काही ना काही पॉझिटिव्ह येणारच. एकूण आयजीई वाढलेली असणे हे तर बहुतेक इसबवाल्यांत दिसते आणि त्यावरून कशाची ॲलर्जी आहे हे कळत नाही. अन्नाविरुद्धच्या आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी, केसांची तपासणी आणि यंत्राला हात लावून केलेली तपासणी यांवर एक रुपयाही खर्च करू नये. आयजीजी असणे म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पॅच टेस्ट वेगळ्या कारणासाठी असते. मोठ्या मुलाचे इसब एकाएकी नव्या जागी येऊ लागले, पापण्या, मान, पट्ट्याच्या बकलाखालचे पोट किंवा पायांवर चप्पलेच्या पट्ट्यांचा आकार दिसू लागला, किंवा एखादे मलम लावल्यावर उलट चिघळले, तर निकेल, रबर, सुगंधी द्रव्ये, मलमांतील घटक यांची स्पर्श-ॲलर्जी पाहावी. रानात, बांधावर, पडीक जागेत वाढणारे गाजर गवत हे आपल्याकडचे महत्त्वाचे कारण आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण आता सर्वत्र पसरले आहे आणि भारतीय पॅच टेस्टच्या संचात त्याचा समावेश असतो. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तास कोरड्या ठेवायच्या असतात आणि पाठ ४८ तासांनी व पुन्हा ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान पाहतात, म्हणून कडक उन्हाळ्यात घामाच्या दिवसांत ही तपासणी ठरवू नये.

रिपोर्ट वाचताना

रक्ताच्या रिपोर्टवर पदार्थाचे नाव, आकडा आणि ० ते ६ असा वर्ग छापलेला असतो. आकडा ०.३५ च्या वर गेला की बऱ्याच लॅबच्या छापील रकान्यात "पॉझिटिव्ह" येते, आणि तिथेच घरात धास्ती सुरू होते. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत, इतकेच. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असे नाही. इसबाच्या मुलांत पॉझिटिव्ह निकालांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक निकाल असे निरर्थक ठरू शकतात. निगेटिव्ह निकाल मात्र तात्काळ ॲलर्जी नाही हे सांगण्यात बराच विश्वासार्ह असतो. आकडा किंवा गांध जितकी मोठी तितकी खऱ्या ॲलर्जीची शक्यता जास्त, पण प्रतिक्रिया किती तीव्र येईल हे त्यावरून सांगता येत नाही. ज्या मुलाला दुधासाठी वर्ग २ आला आहे आणि जे रोज दोन वाट्या दूधभात खाऊन ठणठणीत असते, त्याचे दूध बंद करणे ही चूक ठरेल. तिचे परिणाम दोन प्रकारचे असतात : मूल कुपोषित होऊ शकते, आणि रोज सोसणारा पदार्थ कित्येक महिने बंद ठेवल्यावर तो पुन्हा दिला असता पूर्वी कधी न आलेली गंभीर तात्काळ प्रतिक्रिया येऊ शकते.

बंद करून पाहणे, परत देऊन पाहणे

डॉक्टरांनी पथ्य सांगितलेच, तर ते एका वेळी एकाच पदार्थाचे आणि दोन ते चार आठवड्यांचे असावे. त्या काळात मलमांत बदल करू नये, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही. फरक पडला नाही तर पदार्थ पुन्हा सुरू करावा; फरक पडला तरीही तो परत देऊन इसब उलटते का हे पाहिल्याशिवाय निदान पक्के धरू नये. पूर्वी तात्काळ प्रतिक्रिया आलेली असेल किंवा तपासणी ठळक पॉझिटिव्ह असेल, तर परत देण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये. तो रुग्णालयात, थोड्या-थोड्या वाढत्या मात्रेने आणि ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून करायचा असतो, आणि अन्नाच्या ॲलर्जीचे निश्चित निदान करणारी तपासणी तीच आहे.

दुधाचे पथ्य आपल्या भागात विशेष कठीण जाते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला म्हशीचे किंवा शेळीचे दूध चालेल असे समजू नये, कारण या दुधांतील प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. दही, ताक, खवा, साताऱ्याचे कंदी पेढे, ब्रेड आणि बरीच बिस्किटे हे सगळे दूधच होय; तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. गव्हाच्या बाबतीत खपली गव्हाचा असाच घोळ होतो : तो गव्हाचाच प्रकार आहे, त्यामुळे गव्हाची ॲलर्जी असेल तर खपलीही नको. बंद पाकिटावर दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्ये इत्यादींची सूचना छापणे भारतात बंधनकारक आहे, ती वाचावी. सुट्या फरसाणावर आणि हलवायाकडच्या मिठाईवर अशी सूचना नसते. बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान थांबवू नये. आईने दूध सोडायचे ठरलेच तर तिच्या कॅल्शियमची आणि आहाराची सोय आधी लावावी.

ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, सतत उलट्या, अंग गळून जाणे किंवा निळसर पडणे ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. या अवस्थेत मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनच जीव वाचवते, खाजेच्या सिरपने ते काम होत नाही. अशी घटना एकदा घडली असेल तर पुढच्या वेळी काय करायचे हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि त्याची प्रत अंगणवाडीत किंवा शाळेत द्यावी.

शेंगदाणा

आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट भाजीपासून उपवासाच्या खिचडीपर्यंत सगळीकडे असतो, आणि सांगलीच्या भडंगातही शेंगदाणे असतातच. म्हणजे बाळ शेंगदाणा खात नसले तरी त्याचे कण हातांवर, चादरीवर, फुटलेल्या गालांवर लागतच असतात. पोटातून न जाता केवळ त्वचेतून झालेली अशी ओळख ॲलर्जीला पोषक ठरते. शेंगदाणा तेल असलेली मलमे इसबावर लावणे आणि पुढे होणारी शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध २००३ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात आढळला होता, म्हणून इसबाच्या बाळाला घाण्याच्या शेंगतेलाने मालिश करू नये. २०१५ मध्ये लंडनमधील चाचणीत, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला गेला त्यांच्यात पाचव्या वर्षी ३.२ टक्क्यांना, तर ज्यांच्यात तो टाळला गेला त्यांच्यात १७.२ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली. त्यामुळे तीव्र इसब असलेल्या बाळात वरचे अन्न सुरू करताना शेंगदाणा वर्षभर लांबवण्याऐवजी, सहाव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरांकडे नेऊन आधी प्रिक टेस्ट किंवा रक्ततपासणी करावी आणि निकाल अनुकूल असल्यास बारीक कूट पेजेत किंवा वरणात पातळ करून सुरू करावा. अख्खे दाणे घशात अडकतात. पाच वर्षांपर्यंत ते देऊ नयेत.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची सुमारे पाचपैकी एकातच जाते. म्हणून पथ्य सुरू केलेल्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा फेरतपासणी ठरवावी, जुना रिपोर्ट आणि वही बरोबर न्यावी, आणि भेटीची वेळ घेतानाच त्या दवाखान्यात प्रिक टेस्ट होते का, अन्न देऊन पाहण्याची सोय आहे का आणि कोणती औषधे किती दिवस आधी थांबवायची, हे विचारून घ्यावे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कऱ्हाडच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे बालरोग व त्वचारोग हे दोन्ही विभाग आहेत. दोन्हींचा सल्ला एकाच फेरीत घेता येईल अशा वारी जावे.